पदे रिक्त, गुरुजी रांगेत

शासकीय सेवेत एकच घटना अशी आहे की तिची तारीख सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावरूनच काढता येते. ती म्हणजे निवृत्ती. जन्मतारखेत कर्नाटकात साठ वर्षे मिळवायची, महाराष्ट्रात अठ्ठावन्न. कोणत्या शाळेतील कोणते गुरुजी कोणत्या महिन्याच्या अखेरीस घरी जाणार, हे वित्त विभागाला तीस वर्षे आधी सांगता येते. पूर, अवर्षण किंवा साथ यांच्याबाबत ‘अनपेक्षित’ हा शब्द वापरण्याची मुभा प्रशासनाला आहे. शिक्षकांच्या रिक्त पदांबाबत ती नाही. तरीही दरवर्षी शाळा उघडण्याची वेळ आली की बंगळुरूमध्ये टंचाईची चर्चा अशा सुरात सुरू होते, जणू हजारो शिक्षक आदल्या रात्री नाहीसे झाले आहेत. मग उपाय म्हणून अतिथी शिक्षकांचा आदेश निघतो आणि पुढील वर्षापर्यंत विषय मिटतो.

२०२५-२६ या शैक्षणिक वर्षासाठी कर्नाटक शासनाने प्राथमिक व माध्यमिक शाळांत मिळून सुमारे ५१ हजार अतिथी शिक्षक नेमण्यास मान्यता दिली. अतिथी शिक्षक रिक्त पदावरच नेमले जातात. म्हणजे हा आकडा शासनाने स्वतःच्या स्वाक्षरीने दिलेला टंचाईचा कबुलीजबाब होय. वेगळ्या पाहणीची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ सांगते की मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहणार नाहीत, याची काळजी नियुक्ती करणाऱ्या प्राधिकाऱ्याने घ्यायची आहे. २००९ च्या या कायद्यातील पंचवीस टक्के राखीव जागांचे कलम घराघरांत पोहोचले. कलम २६ मात्र वकिलांनाही चटकन आठवत नाही. याच कर्नाटकाने २०१९ मध्ये नियम बदलून असे ठरवले होते की, जवळपास शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत पंचवीस टक्क्यांतून प्रवेश देण्याचे कारण नाही. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये तोच मार्ग धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या युक्तिवादाचा गुणदोष बाजूला ठेवू. पण ‘आमची शाळा जवळ आहे, तेथेच जा’ असे ज्याने पालकाला सांगितले, त्याने त्या शाळेत शिक्षक ठेवण्याचे दायित्वही पत्करले, एवढे तरी मान्य व्हावे.

आता दुसरी बाजू. धारवाडच्या सप्तापूर भागात गेलात तर स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांचे फलक एकमेकांना चिकटून लावलेले दिसतात. उत्तर कर्नाटकातील हजारो पदवीधर तेथे खोल्या भाड्याने घेऊन वर्षानुवर्षे जाहिरातीची वाट पाहतात. त्यांत बी.एड. आणि डी.एड. झालेल्यांची संख्या मोठी आहे. शिक्षक पात्रता परीक्षा त्यांनी उत्तीर्ण केली आहे, एकदा नव्हे, काहींनी दोनदा. सप्टेंबर २०२५ मध्ये हे तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या मागण्या दोनच होत्या: भरती सुरू करा, आणि तुमच्या विलंबात आमचे वय उलटले असेल तर वयोमर्यादा वाढवा. दुसरी मागणी वाचताना माझ्यासारख्या माजी अधिकाऱ्याला लाज वाटली. उमेदवाराला वय वाढल्याबद्दल शासनाकडे सवलत मागावी लागते, यातच सारे आले.

भरती होत नाही असे नाही. ती कशी होते ते पाहावे. मार्च २०२२ मध्ये सहावी ते आठवीसाठी पंधरा हजार पदवीधर प्राथमिक शिक्षकांची जाहिरात आली. त्यांतील पाच हजार पदे कल्याण कर्नाटकासाठी होती. मे महिन्यात परीक्षा झाली. त्यानंतर एक प्रश्न असा निघाला की, विवाहित महिला उमेदवाराचे जात व उत्पन्न प्रमाणपत्र वडिलांच्या नावाचे धरायचे की पतीच्या. या एका प्रश्नावर निवड यादी लागली, उच्च न्यायालयात अडकली, बदलली, पुन्हा न्यायालयात गेली. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडपीठाने १३,३५२ जणांच्या नियुक्तीचा मार्ग मोकळा केला. जाहिरातीपासून वर्गापर्यंत दीड वर्षाहून अधिक काळ गेला आणि तरीही १,६४८ पदे रिकामीच राहिली. ज्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीतील एका ओळीत देता आले असते, त्यासाठी सातवीच्या मुलांची दोन गणिताची पुस्तके कोरी गेली.

पुढची अडचण आरक्षणाच्या वर्गीकरणाची. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी अनुसूचित जातींमध्ये उपवर्गीकरण करण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने न्या. नागमोहन दास आयोगाचा अहवाल येईपर्यंत नव्या भरतीच्या अधिसूचना थांबवल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये ६-६-५ अशी विभागणी ठरली. या वर्गीकरणामागील न्यायाची मागणी दशकांची आहे आणि ती डावलून भरती करावी, असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. भरती थांबली ती नियमित शिक्षकांची. अतिथी शिक्षकांची नेमणूक त्या काळातही सुरूच राहिली. म्हणजे ज्या वंचित जातींच्या न्याय्य वाट्यासाठी थांबायचे होते, त्यांच्याच पदवीधर मुलामुलींना दरम्यान दहा महिन्यांच्या मानधनावर राबवून घेतले गेले.

हे मानधन किती? मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात दोन हजारांची वाढ झाल्यानंतर प्राथमिक शाळेतील अतिथी शिक्षकाला महिन्याला १२ हजार रुपये मिळू लागले, माध्यमिकला थोडे अधिक. तेही वर्षातून दहा महिने. आणि ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या सातव्या राज्य वेतन आयोगानुसार कर्नाटक शासनाच्या सर्वात कनिष्ठ कर्मचाऱ्याचे किमान मूळ वेतन १७ हजारांवरून २७ हजार झाले. शाळेची घंटा वाजवणारा शिपाई नियमित असेल, तर तो गणित शिकवणाऱ्या अतिथी शिक्षकाच्या दुपटीहून अधिक कमावतो. शिपायाला जास्त मिळते याचे दुःख नाही. पण वर्गात उभा असलेला माणूस स्वतःला काय समजत असेल, याचा विचार वित्त विभागाच्या टिपणीत येत नाही.

टिपणीत येतो तो हिशेब. तोही मांडून पाहू. ५१ हजार अतिथी शिक्षक, १२ हजार रुपये, दहा महिने: सुमारे ६१२ कोटी. त्याच पदांवर केवळ २७ हजारांचे किमान मूळ वेतन बारा महिने दिले तर होतात १,६५२ कोटी. म्हणजे अगदी कमीत कमी धरले तरी रिक्त पदांतून वर्षाला हजार कोटींहून अधिक रुपये वाचतात. शिक्षकाची खरी वेतनश्रेणी व भत्ते धरले तर ही रक्कम दुपटीच्या पुढे जाते. कर्नाटकाचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ४ लाख ९ हजार कोटींचा आहे. त्यात ही सारी बचत एका टक्क्याच्याही आत बसते. पन्नास हजार कोटींहून अधिक खर्चाच्या पाच हमी योजनांना यासाठी दोष देण्याची सध्या पद्धत आहे, पण रिक्त पदे हमी योजनांपूर्वीचीही आहेत. भाजपच्या काळात होती, त्याआधीच्या काँग्रेसच्या काळातही होती. वित्तीय जबाबदारीचा कायदा २००२ मध्ये सर्वप्रथम करणारे राज्य म्हणून कर्नाटकाचा लौकिक आहे आणि तो योग्य आहे. परंतु तुटीचा आकडा आवाक्यात ठेवायचा असेल तेव्हा सर्वांत कमी आवाज करणारी कपात कोणती, हे प्रत्येक वित्त सचिवाला ठाऊक असते. योजना बंद केली तर मोर्चा येतो. पद न भरल्याचा मोर्चा येत नाही, कारण ज्याला ते पद मिळाले असते त्याचे नाव कोणालाच, त्यालासुद्धा, ठाऊक नसते.

या व्यवस्थेला एक न्यायालयीन आधारही आहे आणि तो कर्नाटकातूनच गेला. १० एप्रिल २००६ चा ‘सचिव, कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी’ हा घटनापीठाचा निकाल. रीतसर स्पर्धेतून न आलेल्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला कायम होण्याचा हक्क नाही, हे त्यात ठरले. मागील दाराने होणाऱ्या नेमणुका रोखणे हा त्याचा हेतू होता आणि तो स्तुत्यच होता. प्रशासनाने त्यातून धडा मात्र भलताच घेतला: पुढचे दार बंदच ठेवा, मागील दाराने माणसे घ्या आणि दर मार्चअखेर त्यांना बाहेर काढा, म्हणजे सलग सेवेचा प्रश्नच उद्भवत नाही. डिसेंबर २०२४ मधील ‘जग्गो’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी निकालाच्या अशा वापराबद्दल नाराजी व्यक्त केली. त्याची शाई वाळून बराच काळ झाला. दहा महिन्यांचा आदेश दहा महिन्यांचाच आहे.

सेवेच्या आरंभी ईशान्य कर्नाटकातील एका तालुक्यात मी शाळा तपासणीला गेलो होतो. कागदावर शिक्षक तीन. प्रत्यक्षात एक बाई. दुसऱ्यांची प्रतिनियुक्ती तालुक्याच्या कचेरीत झालेली. तिसरे रुजू होऊन दीर्घ रजेवर गेलेले. पाचही इयत्ता एका ओसरीवर बसल्या होत्या. बाईंनी चौथीतील एका मुलीला पहिलीसमोर उभे केले होते. ती पाढे म्हणत होती आणि चिमुरडी मुले तिच्यामागून. बाई तोवर तिसरीची वजाबाकी तपासत होत्या. मी परत येऊन अहवाल लिहिला. त्यात इमारत, पाणी, स्वच्छतागृह, फळा यांचे रकाने होते. ‘प्रत्यक्ष वर्गात असलेले शिक्षक’ असा रकाना नव्हता, म्हणून मी तो भरला नाही. वेगळी टीप जोडता आली असती. जोडली नाही. आज ‘यूडायस’च्या आकड्यांकडे पाहताना ती न लिहिलेली टीप मला आठवते.

‘यूडायस’च्या २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशातील शिक्षकांची संख्या प्रथमच एक कोटीच्या पुढे गेली. त्याच अहवालात देशात एकशिक्षकी शाळा १ लाख ४ हजार १२५ आहेत आणि त्यांत ३३ लाखांहून अधिक मुले शिकतात. महाराष्ट्रात अशा शाळा ८,१५२, कर्नाटकात ७,३४९. विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तराची राज्यव्यापी सरासरी सांगून मंत्री निश्चिंत होतात, परंतु सरासरीने कोणतेच मूल शिकत नाही. शासकीय शाळांतील पट घटतो आहे, मग शिक्षक कशाला, हा प्रश्नही गैरलागू नाही. काही ठिकाणी शाळा एकत्र करणे अपरिहार्यच आहे. पण पट का घटतो हेही विचारावे. जून-जुलैत वर्गात शिक्षक नसेल तर हातावर पोट असलेला बापही कर्ज काढून मुलाला खासगी शाळेत घालतो. पुढच्या वर्षी पट कमी झाला म्हणून मंजूर पद कमी होते. ज्या रिकाम्या खुर्चीमुळे मूल गेले, ती खुर्चीच हिशेबातून निघून जाते आणि टंचाई कमी झाल्याची नोंद होते.

टंचाईचा भार सर्वत्र सारखा नाही, आणि इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे थोडे थांबावेसे वाटते. आजचे कर्नाटक १९५६ मध्ये पाच तुकडे जोडून झाले. जुन्या म्हैसूर संस्थानाने विश्वेश्वरय्यांच्या दिवाणगिरीत, १९१३ मध्येच, सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुंबई इलाख्यातील धारवाडला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच शिक्षक घडवणारे नॉर्मल स्कूल निघाले. बेळगाव-धारवाडच्या शाळांवर तेव्हा मराठीचा पगडा होता आणि त्या नॉर्मल स्कूलमधून कन्नड शिक्षक तयार करून डेप्युटी चन्नबसप्पांनी तो हळूहळू बदलला. शाळा काढण्याआधी शिक्षक तयार करावे लागतात, हे त्यांना उमगले होते. निजामाच्या मुलखात मात्र लोकांच्या भाषेतील शाळाच थोड्या. वरचे शिक्षण उर्दूतून. मराठवाड्यातील वाचकाला याचा अर्थ उलगडून सांगायला नको. २००२ मध्ये डॉ. नंजुंडप्पा समितीने १७५ पैकी ३९ तालुके अतिमागास ठरवले, त्यांतील २१ एकट्या गुलबर्गा विभागातील होते. २०११ च्या जनगणनेत बंगळुरू शहर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८८ टक्के, तर यादगीरची ५२ टक्क्यांच्या आसपास होती. २०२५ च्या दहावीच्या पहिल्या परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्ह्याचा निकाल ९१ टक्के लागला, कलबुर्गीचा ४२ टक्के.

राज्यघटनेत ९८ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३७१-जे आला आणि या भागातील पदे बहुतांशी स्थानिकांसाठी राखली गेली. बाहेरून नेमलेला शिक्षक दोन वर्षांत बदली करून घेतो, हा जुना रोग त्यामुळे आटोक्यात येण्याची शक्यता निर्माण झाली. पण राखीव पद भरायला त्याच मातीतील गणित-विज्ञानाचा पदवीधर हवा, आणि त्याच्या शाळेत गणिताला शिक्षक नव्हता! हे चक्र जाहिरातीने तुटत नाही. त्यासाठी पंधरा-वीस वर्षे अखंड भरती लागते, आणि अखंडता हीच गोष्ट आपल्याकडे नाही.

सीमाभागातील मराठी वाचकाला यात आणखी एक पदर दिसेल. खानापूर, बेळगाव, निपाणी या भागांतील मराठी माध्यमाच्या शासकीय शाळांना माध्यमानुसार वेगळे शिक्षक लागतात. पलीकडे जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील कन्नड शाळांचेही तसेच. जतच्या कन्नड शाळांत कन्नड न येणारे शिक्षक नेमल्याची तक्रार २०२४ मध्ये कर्नाटकाने महाराष्ट्राकडे केली. तक्रार योग्यच होती. ती करताना स्वतःच्या बाजूच्या मराठी शाळांकडे पाहिले असते तर ती अधिक वजनदार झाली असती. भाषेच्या प्रश्नावर दोन्हीकडे पुढारी तावातावाने बोलतात. अल्पसंख्य माध्यमाच्या शाळेतील पद सर्वांत शेवटी भरले जाते, ते मात्र दोन्हीकडे सारखेच.

महाराष्ट्राची स्थिती निराळी असली तरी निश्चिंत होण्याजोगी नाही. शिक्षणसेवकाचे मानधन सहा हजारांवर कित्येक वर्षे गोठलेले होते. २०२३ मध्ये ते प्राथमिकसाठी १६ हजार झाले. पण शिक्षणसेवकाला तीन वर्षांनी कायम होण्याची आशा असते, कर्नाटकच्या अतिथीला तीही नाही. मे २०१२ पासूनच्या भरतीबंदीची झळ दशकभर पोहोचली. पवित्र पोर्टल आले, परीक्षेतील गुणांवर निवड होऊ लागली. संस्थाचालकांच्या घरी पाकीट घेऊन जाण्याच्या जुन्या रिवाजापेक्षा हे केव्हाही चांगले. तरीही जुलै २०२३ मध्ये शासनाला निवृत्त शिक्षकांना २० हजारांवर परत बोलवावे लागले, तेव्हा बाहेर पात्र तरुणांची रांग उभीच होती.

त्यातच वर्गात असलेला शिक्षक वर्गात राहत नाही. कर्नाटकात २२ सप्टेंबर २०२५ पासून मागासवर्ग आयोगाचे सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झाले. घरोघरी जाणारे बहुतेक प्रगणक शिक्षकच होते. काम वेळेत आटोपेना, तेव्हा ८ ते १८ ऑक्टोबर शाळांची सुटी वाढवण्यात आली. सर्वेक्षण आवश्यक होते, हे मान्य. पण शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्यांचीच कामे देऊ देते. दशवार्षिक जनगणना अजून पुढेच आहे. तिच्यासाठीही हेच गुरुजी जाणार.

मग या पेशात येऊ पाहणाऱ्या तरुणाने काय समजावे? बंगळुरूत काही वर्षांपूर्वी त्याचे उत्तर सोपे वाटत होते. गणित-विज्ञानाचे पदवीधर शाळेऐवजी ऑनलाइन शिकवण्यांच्या कंपन्यांकडे धावले; त्यांतील सर्वांत मोठी, ‘बायजूज’, जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. खासगी शाळांत जागा आहेत, पण नावाजलेल्या मोजक्या शाळा सोडल्या तर वेतनाची कथा अतिथी शिक्षकाहून फार वेगळी नाही. पात्रतेचे नियमही वाटेत बदलत राहिले. बी.एड. धारकांना पहिली ते पाचवीसाठी अपात्र ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ऑगस्ट २०२३ मध्ये आला. शैक्षणिकदृष्ट्या तो मला पटतो, कारण सहा वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणे ही स्वतंत्र विद्या आहे. परंतु २०१८ च्या अधिसूचनेवर विसंबून पाच वर्षे परीक्षा देणाऱ्यांना त्यातून एवढेच कळले की नियमावरही विसंबू नये.

आता सर्वांत निकडीची बाब. महाराष्ट्रातून निघालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी असे ठरवले की, पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत उरलेल्या प्रत्येक शिक्षकाने दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, अन्यथा सेवा सोडावी. हा निकाल साऱ्या देशाला लागू आहे. विशी-पंचविशीत रुजू झालेले, आज पन्नाशीत असलेले शिक्षक त्यामुळे पुन्हा अभ्यासाला बसले आहेत. त्यांपैकी किती उत्तीर्ण होतील, याचा अंदाज बांधण्याचा मोह मी टाळतो. पण ज्या राज्यांना वयाने होणारी निवृत्ती वेळेवर भरून काढता आलेली नाही, त्यांच्यापुढे निवृत्तीपूर्वीच रिकाम्या होणाऱ्या पदांची आणखी एक रांग उभी राहणार आहे, आणि तिचीही तारीख आजच ठाऊक आहे: सप्टेंबर २०२७.

यावर उपाय सांगायला आयोग नेमण्याची गरज नाही. कर्नाटकाचे राज्य शिक्षण धोरण तयार करणाऱ्या डॉ. सुखदेव थोरात आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये अहवाल दिला. पाचवीपर्यंत मातृभाषा किंवा कन्नड, दोन-आठ-चारची रचना, अशा त्यातील शिफारशींवर वाद होईल आणि व्हावा. पण रचना कोणतीही घ्या, दरवर्षी ३१ डिसेंबरला पुढील वर्षी निवृत्त होणाऱ्या शिक्षकांची जिल्हा, विषय आणि माध्यमनिहाय यादी प्रसिद्ध करणे, जानेवारीत वित्त विभागाची सहमती त्या यादीला आपोआप मिळालेली समजणे आणि परीक्षा ठरलेल्या महिन्यात घेणे, एवढे एका शासन निर्णयात बसते. लोकसेवा आयोग नागरी सेवांची परीक्षा दरवर्षी घेतोच. जिल्हाधिकाऱ्याचे पद भरण्याआधी कोणी पट मोजत बसत नाही. मी ज्या विभागात होतो तेथे अशा यादीचा मसुदा एकदा तयार झाला होता. ‘पुढील वित्तीय वर्षी विचारार्थ ठेवावे’ असा शेरा घेऊन तो परतला. शेरा माझ्या वरिष्ठांचा होता. त्याखाली सहमतीची स्वाक्षरी माझी आहे.